नेटवर्किंगचा धंदा : आठ हिरवे दिवे आणि भिंतीआडची केबल

एका शिक्षण संस्थेच्या संगणक कक्षात आम्हांस बोलावणे आले होते. कक्ष नवा, टेबले नवी, वीसही संगणक नवे. परंतु शेवटच्या रांगेतील पाच संगणक अधूनमधून नेटवर्कवरून सुटत आणि मोठी फाईल पाठवावयास घेतली की अडकून बसत. ज्या मुलाने केबल टाकली होती तो तीन वेळा येऊन गेला होता. दर वेळी तो प्रत्येक केबल टेस्टरला लावून दाखवी, एक ते आठ असे आठही हिरवे दिवे ओळीने लागत, आणि "केबल ओके आहे सर, संगणकातच दोष असेल," असे सांगून तो परत जाई. संस्थेने पाच संगणक विक्रेत्याकडे परत पाठविण्याची तयारीही केली होती. आम्ही एक कनेक्टर डोळ्यांजवळ धरून आतील तारांचे रंग पाहिले, तेव्हा दोष तेथेच सापडला. मुलगा लबाड नव्हता. त्याने मेहनत केली होती आणि पैसे माफक घेतले होते. त्याला नीट शिकविणारा कोणी भेटला नव्हता, एवढेच.

हा दोष कोणता, ते पुढे सांगतो. आज दुकान, दवाखाना, शाळा, मदरसा, गृहनिर्माण सोसायटी, कोठेही जा, कॅमेरे आहेत, संगणक आहेत, इंटरनेट आहे, आणि या सर्वांना जोडणारी केबल भिंतीतून किंवा छतावरून गेलेली आहे. ती टाकणारे हात लागतात. दहावी-बारावीनंतर काय करावे असे विचारणाऱ्या आमच्या होतकरू तरुणांना या धंद्यात थोड्या भांडवलात उतरता येते. मात्र तो शिकून करावयाचा धंदा आहे. म्हणून यावेळी त्यातील उपकरणे व हत्यारे यांची माहिती आम्ही देत आहोत.

हब, स्विच आणि राऊटर

प्रथम नावांचा घोळ मिटवू. आपल्याकडे अनेक दुकानदार आजही छोट्या स्विचला 'हब' म्हणतात. हब हे जुने यंत्र. त्याच्या एका तोंडातून आलेला संदेश ते उरलेल्या सर्व तोंडांना पाठवून देई, मग तो ज्याचा असेल त्याने घ्यावा. संगणक वाढले की गर्दी होऊन सर्वांचेच काम मंदावे. आज हब बाजारातून गेला आहे, नाव तेवढे उरले आहे. स्विच हा शहाणा टपालवाला होय. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डास कारखान्यातच एक क्रमांक दिलेला असतो, त्यास मॅक ॲड्रेस म्हणतात. कोणता क्रमांक कोणत्या तोंडाशी आहे हे स्विच आपोआप शिकतो आणि संदेश त्याच तोंडाकडे पाठवितो.

राऊटरचे काम निराळे आहे. तो दोन नेटवर्कांच्या वेशीवर उभा असतो. आत आपले दुकान, बाहेर इंटरनेट. आतील प्रत्येक यंत्राला तो एक पत्ता वाटून देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि आतबाहेर जाणारी रहदारी सांभाळतो. घरातील वायफायच्या डबीत राऊटर, चार तोंडांचा स्विच आणि वायफायचा ॲक्सेस पॉइंट अशी तिन्ही यंत्रे एकत्र बसविलेली असतात. घोळाचे मूळ तेच आहे.

या घोळातून होणाऱ्या दोन चुका नवशिक्याने पाठ करून ठेवाव्यात. पहिली अशी की, वायफाय दूरच्या खोलीत पोहोचत नाही म्हणून एक जुना राऊटर आणून जोडला जातो. पण त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद केले जात नाही. मग एकाच घरात दोन मुनीम दोन वेगळ्या वह्यांतून पत्ते वाटू लागतात. काही संगणकांना इंटरनेट मिळते, काहींना मिळत नाही, आणि उद्या तेच उलटे होते. अशा वेळी दुसऱ्या राऊटरमधील 'डीएचसीपी' ही सोय बंद करावी, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा ठेवावा, आणि त्याचा फक्त ॲक्सेस पॉइंट म्हणून उपयोग करावा. दुसरी चूक याहून साधी आहे. साफसफाई करताना कोणी मोकळे लोंबणारे केबलचे टोक पाहून ते जवळच्या स्विचमध्ये खोचतो, आणि त्या केबलचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये असते. संदेश गोल फिरू लागतात, क्षणात स्विचचे सारे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात आणि संपूर्ण कार्यालय बंद पडते. महागड्या स्विचमध्ये यावर बंदोबस्त असतो, स्वस्तात नसतो. संपूर्ण नेटवर्क एकदम बसले तर यंत्र बदलण्याआधी हे गोल झालेले कडे शोधावे.

वायफायविषयी थोडेच सांगतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. एका सोसायटीत चाळीस राऊटर असतील तर ते या तिघांतच दाटीने राहतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, परंतु भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो. म्हणूनच आम्ही सांगतो की, जी वस्तू जागची हलत नाही, म्हणजे टेबलावरचा संगणक, कॅमेरा, प्रिंटर, तिला केबलच द्यावी.

आठ तारांचे गणित

आता केबलकडे येऊ, कारण या धंद्याची कमाई आणि बदनामी दोन्ही केबलमध्ये आहेत.

ईथरनेट या पद्धतीचा जन्म १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात झाला. आरंभी त्यासाठी टीव्हीच्या केबलसारखी जाड केबल असे. सर्व संगणक एकाच केबलवर माळेसारखे ओवलेले, आणि एक सांधा सुटला की सारे कार्यालय बंद. पिळाच्या तारांवर चालणाऱ्या ईथरनेटचे मानक १९९० साली निघाले, तेव्हा ही कटकट संपली. आज बाजारात कॅट-५ई आणि कॅट-६ या नावांनी जी केबल मिळते ती याच वंशातील. तिच्यात आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली.

हा पिळ कशासाठी, हे ज्याला कळले त्याला अर्धा धंदा कळला. जोडीतील दोन तारांवरून एकच संदेश एकमेकांच्या उलट रूपात जातो. शेजारच्या विजेच्या तारेचा किंवा दुसऱ्या जोडीचा गोंगाट या जोडीवर पडला, तर तारा पिळलेल्या असल्यामुळे तो दोघींवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र दोघींमधील फरक तेवढा वाचते, त्यामुळे दोघींवर सारखा पडलेला गोंगाट वजा होऊन जातो. चारही जोड्यांचे पिळ कमीजास्त घट्ट असतात, तेही एका जोडीचा गोंगाट दुसरीत जाऊ नये म्हणून. तेव्हा पिळ ही केबलची शोभा नव्हे, तोच तिचा प्राण आहे. कनेक्टर बसविताना पिळ उलगडावाच लागतो, पण तो १३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये.

आता तारांचा क्रम. कनेक्टरची पट्टी खाली आणि सोनेरी दाते आपल्याकडे वर धरले असता डावीकडून आपल्याकडे सर्रास चालणारा 'बी' क्रम असा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. 'ए' क्रमात केशरी आणि हिरवी या जोड्यांची अदलाबदल होते, बाकी तेच. दोन्ही क्रम बरोबर आहेत. मात्र एका इमारतीत एकच धरावा आणि दोन्ही टोकांना तोच ठेवावा.

या क्रमात एक गोष्ट खटकते, ती म्हणजे हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर फाकलेली आहे आणि तिच्या मध्ये निळी जोडी बसली आहे. नवशिक्याला हे वेडेवाकडे वाटते. संगणक कक्षातील त्या मुलालाही ते वाटले. त्याने आपल्या बुद्धीने क्रम 'सरळ' केला. केशरी जोडी, मग हिरवी जोडी, मग निळी, मग तपकिरी, दोन्ही टोकांना अगदी सारखी. टेस्टर एवढेच पाहतो की या टोकाची पहिली तार त्या टोकाच्या पहिल्या जागी पोहोचली की नाही. ती पोहोचली होती. आठही पोहोचल्या होत्या, म्हणून आठही दिवे लागले. परंतु यंत्र तिसरी आणि सहावी जागा एक जोडी समजून संदेश पाठविते, आणि त्याच्या केबलमध्ये तिसऱ्या जागी हिरवीच्या जोडीतील तार होती तर सहाव्या जागी निळीच्या जोडीतील. म्हणजे ज्या दोन तारांवरून संदेश जात होता त्या एकमेकींशी पिळलेल्याच नव्हत्या. गोंगाट वजा होणार कसा? पुढच्या रांगांतही हीच चूक होती, पण अंतर कमी म्हणून निभावून जात होते. शेवटच्या रांगेपर्यंत केबल लांबली आणि दोष उघडा पडला. जाणकार यास 'स्प्लिट पेअर' म्हणतात, म्हणजे फुटलेली जोडी. साधा दिव्यांचा टेस्टर तो कधीच पकडत नाही. तो पकडणारे टेस्टर महाग असतात. डोळे मात्र फुकट आहेत, आणि कनेक्टर पारदर्शक असतो.

पिशवीत काय असावे

हत्यारांची मोठी यादी ऐकून घाबरण्याचे कारण नाही. सुरुवातीची सर्व हत्यारे एका खांद्यावरच्या पिशवीत मावतात आणि काही हजार रुपयांत येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत सारे मिळते. या धंद्यास आरंभीच व्याजाचे कर्ज काढण्याची गरज नाही, ही आमच्या दृष्टीने त्याची मोठीच जमेची बाजू आहे.

पहिले हत्यार क्रिम्पिंग टूल. कनेक्टरमधील आठ सोनेरी दाते दाबून ते तारांच्या वेष्टणात घुसविण्याचे काम हे करते. येथे पैसे वाचवू नयेत. स्वस्त टूलचा जबडा ढिला असतो, मधले दाते नीट दबतात आणि कडेचे दोन अर्धवट राहतात. असा कनेक्टर आज चालतो आणि तीन महिन्यांनी दगा देतो. पूर्ण दाब बसल्याशिवाय ज्याची मूठ उघडत नाही असे, रॅचेट असलेले टूल घ्यावे. कनेक्टर दाबताना बाहेरचे जाड वेष्टणही त्याच्या आत गेले पाहिजे, म्हणजे प्लॅस्टिकचा खिळा वेष्टणावर बसतो आणि ओढ तारांवर येत नाही. ज्या कनेक्टरच्या मागे रंगीत तारा उघड्या दिसतात, तो करणाऱ्यास काम येत नाही असे खुशाल समजावे. अलीकडे आरपार कनेक्टर मिळतात. त्यांत तारा पुढून बाहेर येतात, क्रम तपासता येतो आणि जादा भाग टूल कापून टाकते. नवशिक्याने तेच वापरावेत, फक्त त्यांसाठी कापण्याचे पाते असलेले टूल वेगळे असते हे ध्यानात ठेवावे.

दुसरे, वेष्टण सोलण्याचा स्ट्रिपर. ब्लेडने किंवा दाताने सोलणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. ब्लेड आतील तारेला बारीक चीर पाडते, ती दिसत नाही, आणि पुढे तार तेथेच तुटते. दाताविषयी बोलावयासच नको.

तिसरे, पंचिंग टूल, ज्यास बाजारात 'क्रोन टूल' असेही म्हणतात. भिंतीवरील आय.ओ. बॉक्स आणि रॅकमधील पॅच पॅनेल यांच्या फटीत तारा ठोकण्यासाठी ते लागते. पॅच पॅनेल हे विजेवर चालणारे यंत्र नव्हे. ती नुसती खुंट्यांची पट्टी आहे, जेथे भिंतीतून आलेल्या केबल कायमच्या बांधल्या जातात. तेथून स्विचपर्यंत छोट्या पॅच कॉर्डने जोडावयाचे. ओढाताण होते ती पॅच कॉर्डची, भिंतीतील केबल सुरक्षित राहते. पंचिंग टूलच्या पात्याची एक बाजू कापणारी असते. ती तारेच्या मोकळ्या टोकाकडे ठेवावी. उलटी धरली तर ठोकताक्षणी कामाची तार कापली जाते आणि कचरा जागेवर राहतो. ही चूक प्रत्येकाकडून एकदा होतेच.

यांशिवाय दिव्यांचा टेस्टर, पाईपातून केबल ओढण्यासाठी लांब लवचीक तार, आणि कोणती केबल कोठे जाते हे आवाजाने सांगणारे टोनर नावाचे जोड-यंत्र, एवढे असले की दुकाने आणि लहान कार्यालये यांची कामे घेता येतात. टोनरचे एक टोक केबलला लावावयाचे आणि दुसऱ्या दांडीने केबलच्या जुडग्यात हुंगावयाचे. आपली केबल आली की शिटी वाजते. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत या यंत्रासारखा मदतनीस नाही.

केबल टाकतानाचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. स्विचपासून संगणकापर्यंत एकूण १०० मीटर, त्यांपैकी भिंतीतील केबल ९० मीटर आणि दोन्हीकडील पॅच कॉर्ड मिळून १०. विजेच्या तारांच्या पाईपातून ही केबल कधीही नेऊ नये. वाट ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडावी. कोपऱ्यावर केबल दुमडू नये, तिच्या जाडीच्या चौपट त्रिज्येचे वळण द्यावे. प्लॅस्टिकच्या पट्टीने जुडगे बांधताना ते करकचून आवळू नये, कारण पिळाचा आकार बिघडतो.

खोट्या तांब्याचा प्रश्न

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो. बाजारात एकाच नावाची, एकाच रंगाची, त्याच ३०५ मीटरच्या खोक्यातील केबल दोन भावांत मिळते, आणि एक भाव दुसऱ्यापेक्षा बराच कमी असतो. स्वस्त केबलच्या तारा तांब्याच्या नसतात. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ मुलामा. दुकानदार तिला 'सी.सी.ए.' म्हणतो आणि ओळखीच्या कारागिराला स्वतःहून विचारतो, "कॉपर देऊ की सी.सी.ए.?" ग्राहकाला यातले काहीच माहीत नसते. बिलावर दोन्हींचे नाव 'कॅट-६ केबल' असेच पडते.

फरक किती? ॲल्युमिनियम तांब्याच्या सुमारे ६१ टक्के वीज वाहून नेते. मुलाम्यामुळे त्यात थोडीच भर पडते. तारांचा रोध वाढला की संदेश लवकर क्षीण होतो आणि १०० मीटरचा हिशेब कोलमडतो. याहून गंभीर बाब विजेची आहे. आजचे कॅमेरे आणि वायफायचे ॲक्सेस पॉइंट याच केबलमधून वीजही घेतात, यास पी.ओ.ई. म्हणतात. २००३ सालच्या मानकात एका तोंडातून १५.४ वॉट मिळत, २००९ साली ते ३० झाले आणि २०१८ साली ९० वॉटपर्यंत गेले. एवढी वीज खोट्या तारेतून नेली की तार तापते आणि कॅमेऱ्यापर्यंत पुरेशी पोहोचत नाही. रात्री कॅमेऱ्याचे अंधारात पाहण्याचे दिवे लागतात, विजेची गरज वाढते, आणि नेमका त्याच वेळी कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो. चोरीच्या वेळी चित्रण नसण्याचे हे एक कारण आहे. शिवाय ॲल्युमिनियम ठिसूळ. आय.ओ. बॉक्समध्ये दोन-चारदा वाकली की तार तुटते. केबलच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी भिंतीतील केबलसाठी तांब्याचीच तार सांगितली आहे, मुलाम्याची नव्हे.

पारख सोपी आहे. तारेवर ब्लेडने हलके खरवडावे. खाली चांदीसारखा रंग दिसला की समजावे. किंवा तारेचे टोक ज्योतीत धरावे. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते, तांबे १०८५ अंशांवर, म्हणून खोटी तार गळून पडते आणि खरी नुसती लाल होते. खोके उचलले तरी कळते. कॅट-६ च्या ३०५ मीटर खऱ्या केबलमध्ये नुसते तांबेच साडेपाच किलोच्या आसपास भरते. मुलाम्याच्या खोक्यातील धातू त्याच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा असतो.

येथे आम्हांस हदीसमधील एक प्रसंग आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी विचारले की, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? विक्रेत्याने पाऊस पाडला नव्हता. त्याचा दोष लपविण्याचा होता. केबलचा कारागीर तर भिंतीच्या आत काम करतो. प्लास्टर झाले, रंग लागला, की त्या ढिगात हात घालणारा ग्राहकांत कोणीच उरत नाही. पुढे-मागे कॅमेरा बंद पडला तर दोष कॅमेऱ्यावर जातो, विजेवर जातो, इंटरनेटवाल्यावर जातो.

काही कारागीर आम्हांस म्हणतात, "साहेब, ग्राहकच स्वस्त मागतो. आम्ही खरी केबल धरून भाव दिला तर काम दुसरा नेतो." ही अडचण खरी आहे, तिला आम्ही हसण्यावारी नेत नाही. यावर उपाय एवढाच की, ग्राहकासमोर दोन्ही तारा खरवडून ठेवाव्यात, दोन्हींचे दर सांगावेत आणि काय होईल तेही सांगावे. तरी त्याने स्वस्तच मागितली, काम तात्पुरत्या मंडपाचे किंवा दोन दिवसांच्या प्रदर्शनाचे असले, तर बिलावर 'ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा' असे स्पष्ट लिहून द्यावी. भिंतीत गाडावयाच्या कामासाठी आणि पी.ओ.ई. कॅमेऱ्यांसाठी मात्र ती टाकण्यास नकार द्यावा. काही कामे जातील.

मापाविषयीही तेच. कुरआनात मापात कमी देणाऱ्यांच्या नावाने एक सूरहच आहे, अल-मुतफ्फिफीन. केबलच्या वेष्टणावर लांबीचे आकडे छापलेले असतात, बहुतेकांचे तिकडे लक्ष नसते. काम सुरू करताना खोक्यातून निघालेल्या टोकाचा आकडा आणि संपल्यावरचा आकडा, या दोहोंतील फरक म्हणजे वापरलेली केबल. हे दोन्ही आकडे बिलावर लिहिणारा कारागीर आम्ही एकच पाहिला आहे, आणि त्याच्याशी भावाची घासाघीस करताना आम्ही कोणाला पाहिले नाही.

काचेची तार आणि पुढची वाट

ज्याचा हात केबलवर बसला त्याने पुढे फायबरकडे वळावे. घरोघरी इंटरनेट आता काचेच्या तारेने येते. या तारेचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा आणि वरील काचेसह जाडी १२५ मायक्रॉन. दोन टोके जोडण्यासाठी प्रथम क्लीव्हरने काच अगदी सरळ कापावी लागते, मग स्प्लायसिंग मशीन विजेच्या ठिणगीने ती वितळवून सांधते. सांधा कसा झाला ते पॉवर मीटर सांगतो, आणि मैलभर लांब तार कोठे तुटली ते ओ.टी.डी.आर. नावाचे यंत्र सांगते. ही यंत्रे महाग आहेत. एकट्याने घेण्यापेक्षा दोघा-तिघांनी नफा-तोट्याच्या भागीदारीत घ्यावीत, किंवा आधी एखाद्या ठेकेदाराकडे हात साफ करावा. दोन इशारे येथे देतो. या तारेतील प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, म्हणून टोकात डोकावून पाहू नये. आणि कापलेले काचेचे तुकडे झाकणाच्या डबीतच टाकावेत, ते कातडीत शिरले तर सापडत नाहीत. स्प्लायसिंगच्या टेबलावर चहा-बिस्किट ठेवणाऱ्यास आम्ही उठवून लावतो.

शिक्षणाचे म्हणाल तर आय.टी.आय.मध्ये संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्यास दहावी उत्तीर्ण विद्यार्थी घेतात. मुलींनीही याकडे पाहावे. कनेक्टर आणि पॅच पॅनेलचे काम बारीक हाताचे आहे, आणि मुलींच्या शाळा-वसतिगृहांतील कामासाठी महिला कारागीर मिळाल्यास संस्थांची सोय होईल. कोकणातील रत्नागिरी, रायगडकडची मुले आखाती देशांत जातात, त्यांना आमची खास सूचना अशी की, तेथील मोठ्या कामांवर प्रत्येक केबलचा यंत्राने काढलेला चाचणी-अहवाल द्यावा लागतो. त्यात फुटलेली जोडी, जास्त उलगडलेला पिळ, करकचून बांधलेले जुडगे, सारे आकड्यांत उघडे पडते. इकडे 'चालते ना, मग झाले' या सवयीने शिकलेला हात तिकडे पहिल्या आठवड्यात परत पाठविला जातो. तेव्हा शिकतानाच एक काम असे करावे, ज्याची चाचणी कोणीही, कोणत्याही यंत्राने घ्यावी.

शेवटी कागदाचे काम. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक चिकटवावा. कोणता क्रमांक कोणत्या खोलीत, याचा साधा नकाशा काढावा. केबलची जात, कंपनी, मीटर, रंगांचा क्रम ए की बी, राऊटरचा पत्ता आणि कामाची तारीख एका कागदावर लिहून तो रॅकच्या दारावर आतून लावावा. राऊटरचा पासवर्ड त्या कागदावर लिहू नये, तो बंद पाकिटात मालकाच्या हाती द्यावा, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तर पहिल्याच दिवशी बदलावा.

त्या संगणक कक्षातील मुलाला आम्ही पिळाची गोष्ट चहा पिता पिता समजावून सांगितली. त्याने काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तो एका मित्राला घेऊन आला आणि वीस केबलची चाळीसही टोके कापून त्याने नवे कनेक्टर बसविले, चालत असलेल्या पुढच्या रांगांचेसुद्धा. संस्थेने पैसे देऊ केले, त्याने फक्त चहा घेतला. रॅकच्या दारावर आता त्याच्या अक्षरातील कागद लावलेला आहे, रंगांच्या क्रमासह.